आकलन कमी

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटून झाली, आणि मग लोकेशने बॅगेतून यादी काढली.

लोकेश चंद्रपूरचा. चोवीस-पंचवीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. एका संस्थेत नोकरीला होता. संस्था अंगणवाडीतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांची विचारशक्ती तपासायची. रंगीत मणी एका ओळीत मांडायचे, पुढचा मणी कोणता ते मुलाला विचारायचं आणि त्याने जे दाखवलं ते टॅबमध्ये भरायचं. आठवड्यापूर्वी तो या पाड्यावर, कोंदाटोल्याला, येऊन गेला होता. एका सकाळीत एकोणीस पोरं उरकली होती त्याने.

गाव जमलंच आहे तर निकाल सांगून टाकू, असं त्याला वाटलं. त्यात काही वाईट असेल असं त्याच्या मनातही आलं नसावं. समाजमंदिराच्या पायरीवर उभं राहून त्याने सोळा नावं वाचली आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या. मग म्हणाला, "तीन मुलांकडे विशेष लक्ष द्यावं लागेल. सोमारी इसरू पुंगाटी, आकलन कमी." पुढची दोन नावंही त्याने वाचली, पण ती कोणाच्या कानावर नीट पडली नाहीत. आकलन म्हणजे काय, अशी कुजबुज सुरू झाली होती.

मागून कोणीतरी समजावून सांगितलं, "डोस्क्यानं कमी."

अंगणवाडीची सेविका रंजीता पायरीच्या बाजूलाच उभी होती, बुंदीचं पातेलं हातात घेऊन. तिला सोमारी दिसली. साडेपाच वर्षांची, बारीक चणीची पोर बापाच्या पायाशी उकिडवी बसून द्रोणातली बुंदी एक-एक करून खात होती. तिला मराठी पुरती कळत नव्हती. पण आपलं नाव घेतलं गेलं आणि सगळे आपल्याकडे वळून बघताहेत, एवढं कळायला भाषा लागत नाही. तिने द्रोण खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून पोरांनी तिला हाक मारायला सुरुवात केली, "ए कमी."

त्याच दिवशी दुपारी इसरू अंगणवाडीच्या दारात आला. सोमारीचा बाप. उंच, कमी बोलणारा माणूस. चप्पल बाहेर काढून आत आला आणि भिंतीशी उभा राहिला.

"बाई, ते कोन लिवलं?"

"त्या लोकेश सरानं, भाऊ. त्याच्या मशीननं."

"मशीन पोरीले वळखते काय? ते तर एकच दिवस आलता. कोनी तरी सांगतलं असन त्याले."

रंजीता म्हणणार होती की मी कशाला सांगू. पण इसरूची नजर टेबलावरच्या जाड नोंदवहीवर गेली. "त्याच्यात माह्या पोरीचं काय हाये? वाचून दाखवा."

तिने वही उघडली. सोमारीचं पान काढलं. अक्षर तिचं स्वतःचं होतं, वळणदार, लाल रेघा मारलेलं. जूनमध्ये सगळ्या मुलांचे रकाने भरायचे होते, दोन दिवसांत, तेव्हा लिहिलेलं. लिहिताना कसलाही विचार केल्याचं तिला आठवेना. तिने मोठ्याने वाचलं, कारण समोर तो उभा होता आणि खोटं वाचायची तिला लाज वाटली.

"शांत बसते. प्रतिसाद देत नाही. आकलन कमी."

 कोपऱ्यात बसलेल्या सोमारीला इसरूने गोंडीत हाक मारली. ती उठली. तिच्या हातातली अंगणवाडीची पाटी त्याने काढून घेतली आणि नीट टेबलावर ठेवली.

"आता नाई येनार ते," तो म्हणाला. आवाज चढवला असता तर रंजीताला बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर तिचा संताप उफाळून आला, आणि तो आधी लोकेशवरच गेला. हा कोण लागून गेला गावासमोर नावं वाचणारा. सहा मिनिटांत पोराची बुद्धी मोजणारा. माझी वही त्याला कोणी दाखवली? मग आठवलं, तिनेच दाखवली होती. चहासोबत. 'सर, हे बघा, नोंदी अद्ययावत आहेत.' हे आठवल्यावर तिने ती वही उचलून कपाटावर आपटली. धूळ उडाली. झोपलेलं एक पोर दचकून उठलं आणि रडायला लागलं.

मदतनीस गुणाबाईने पोराला उचललं, थोपटलं. गुणाबाई याच टोल्यातली, पन्नाशीची. खिचडी शिजवायची, झाडायची, पोरांना घरून आणायची. रंजीताचं माहेर नागभीडकडचं, धानाच्या बांध्यांतलं. लग्न होऊन इथे आली तरी सासर रस्त्याकडच्या वस्तीत, जिथे सगळे मराठीच बोलतात. नऊ वर्षांत ती गोंडीत भूक, पाणी, बस, ऊठ असे चार-सहा शब्दच शिकली होती. पोरांनी मराठी शिकायची, असंच चाललं होतं.

"कोनावर रागवून राह्यली बाई?" गुणाबाईने विचारलं.

"त्या लोकेशवर. आन् कोनावर?"

"मंग ठीक हाये." गुणाबाई पोराला थोपटत राहिली. मग म्हणाली, "सोमारी लय बोलते. माह्यासंगं शाळंत येताना थांबतच नाई."

"हे तू मले कधी सांगतलं नाई."

"तुमी कधी इचारलंच नाई."

 रंजीताने कपाट उघडलं. आत खालच्या खणात त्याच संस्थेने दिलेली पेटी होती. रंगीत मणी, दोरे, ठोकळे, सगळं प्लॅस्टिकच्या वेष्टनात. तपासणीला पूर्ण संच दाखवावा लागतो म्हणून दीड वर्षात एकदाही उघडली नव्हती. तिने चाकूने वेष्टन फाडलं, मण्यांची थैली काढली आणि गुणाबाईला म्हणाली, "चाल, इसरूच्या घरी जाऊ."

इसरूचं घर टोल्याच्या शेवटाला. तो जंगलात गेला होता. सोमारीची आई अंगणात हिरडा-बेहडा निवडत होती. जंगलातून गोळा केलेली ती फळं वाळवून विकायची म्हणून सगळं अंगण त्यांनी भरलं होतं. रंजीताला बघून तिने मान खाली घातली आणि निवडतच राहिली. बसा म्हणाली नाही.

सोमारी कुडाच्या सावलीत बसली होती. तिच्यासमोर जमिनीवर हिरडे आणि बेहडे मांडलेले होते. रंजीता आधी नुसतीच बघत राहिली. लांबट हिरडा, मग गोल बेहडा. मग एक हिरडा, दोन बेहडे. एक हिरडा, तीन बेहडे. ओळ कुडाच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती, तिथे वळली होती, आणि वळल्यावर बेहडे एक-एकने कमी होत होते.

रंजीताने हळूच मधला एक बेहडा उचलला. सोमारीने तिच्याकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं, बोटाने पहिल्या टोकापासून टिचक्या मारत आली आणि रिकाम्या जागी दुसरा बेहडा ठेवला. रंजीताने आता पलीकडच्या टोकाचा हिरडा काढला. पोरीने तोही भरला. मग मान वर करून गुणाबाईला गोंडीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हनते?"

"म्हनते, बाई काऊन माही मांडणी नासवून राह्यली."

रंजीताने मणी काढले. लोकेशने विचारलेला प्रश्न तिला पाठ होता. ती तिथेच बसली होती तेव्हा. लाल, निळा, निळा, लाल. चार मणी मातीत ओळीने ठेवले आणि थैली सोमारीपुढे धरली. "गुणाबाई, इचार, याच्या पुढं काय येते."

सोमारीने वेळ लावला नाही. लाल मणी काढून ठेवला.

लोकेशच्या टॅबमध्ये उत्तर निळा होतं. लाल-निळा-निळा, लाल-निळा-निळा. सोमारीने त्या दिवशीही लालच ठेवला होता, आणि 'चूक' असा बारीक आवाज करून टॅब पुढे गेला होता.

"बारी?" रंजीताने विचारलं. का, या अर्थाचा हा एक शब्द तिला येत होता.

सोमारीने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं, जणू खुंटीवरचा कंदील बोलला. मग बोलायला लागली. बोट मण्यांवरून नेत, भरभर, श्वास न घेता. गुणाबाई मागून सांगत गेली.

"म्हनते, हे लाल म्हंजे झाड. निळा म्हंजे दगड. बाप जंगलात जाते तं आधी झाड लागते, मंग दगड. मंग बाप परततो. येताना आधी दगड लागते, मंग झाड. घर आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निंगला तं काय लागन? झाडच लागन ना."

झाड, दगड, दगड, झाड. आणि पुन्हा झाड. रंजीता उकिडवी बसली होती ती मातीतच बसली. उत्तर बरोबर होतं. निळाही बरोबर होता, पण हेही बरोबर होतं, आणि हे तर पोरीने कारण देऊन सांगितलं होतं. ते निळं उत्तर सांगणाऱ्या सोळा पोरांना कोणी कारण विचारलंच नव्हतं.

सोमारीच्या आईने निवडणं थांबवलं नव्हतं. तशीच खाली बघत ती गुणाबाईला दोन वाक्यं बोलली. गुणाबाईने ती सांगितली नाहीत. रंजीतानेही विचारलं नाही.

फेब्रुवारीचे पंधरा दिवस तिने अंगणवाडीत रोज हेच केलं. तक्त्यावरचं अ-आ-इ बाजूला ठेवलं. पोरांना पळसाची पानं, चिंचोके, बांबूच्या कांड्या आणायला सांगितल्या. एक पान, दोन चिंचोके. टाळी, टाळी, पाय. गुणाबाई पुढे बसायची आणि गोंडीत विचारायची, पुढं काय, आणि का. खिचडीला उशीर व्हायचा. पोरं भांडायची, एकमेकांच्या ओळी मोडायची, नव्या लावायची. यादीतली दुसरी दोन पोरंही त्यात होती. एक होता लाजाळू, आणि दुसऱ्याला डाव्या कानाने ऐकूच कमी येत होतं. हे नऊ महिन्यांत रंजीताच्या लक्षात आलं नव्हतं. तिने त्या दोघांच्या नोंदी खोडून नव्या लिहिल्या. सोमारीच्या पानावर मात्र तिला काहीच लिहावंसं वाटेना. पोरगी येत नव्हती. इसरू रस्त्यात दिसला तर वळून दुसऱ्या वाटेने जायचा.

महिन्याची बैठक अहेरीला होती, एका भाड्याच्या हॉलमध्ये. एकोणचाळीस सेविका, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर टेबलावर पर्यवेक्षिका दीपाली मॅडम आणि शेजारी लोकेश. दीपाली आणि रंजीता एकेकाळी चंद्रपूरला एकाच खोलीत राहून प्रशिक्षण घेतलेल्या. दीपालीने पुढे परीक्षा दिली, पर्यवेक्षिका झाली. एकट्या असल्या की दोघी अजूनही एकमेकींना अगं-तुगं करत.

लोकेशने भिंतीवर आकडे दाखवले. तपासलेली मुलं इतकी, आकलन कमी इतकी. मग म्हणाला, "काही शंका?"

रंजीता उठली. शंका विचारायला नव्हे. ती सरळ फळ्याकडे गेली आणि रंगीत खडूने चार गोळे काढले. लाल, निळा, निळा, लाल. पाचवा रिकामा.

"बायांनो, पुढचा कोनता? एकमेकीचं न पाहता तळहातावर लिवा."

"रंजीता, हे काय चाललंय?" दीपाली म्हणाली.

"एकच मिनिट, मॅडम."

कोणी हसल्या, कोणी लिहिलं. रंजीता ओळीओळीने फिरून हात बघत गेली आणि मोठ्याने मोजत गेली. एकवीस जणींनी निळा लिहिला होता. चौदा जणींनी लाल. तिघींनी लिहिलं होतं, सांगता येत नाही.

"सर, बरोबर कोनतं?"

"उत्तरपत्रिकेत निळा आहे, ताई."

"मंग या चौदा बायांचं आकलन कमी हाये म्हनून लिवा. अन् या तिघींचं तर काहीच नाई म्हना. लिवा ना. हात काऊन थांबला?"

हसू पिकलं. पण चौदा जणी स्वतःच्या हाताकडे बघायला लागल्या तसं ते विरत गेलं. मागच्या ओळीतून खैरुन उठली. अहेरीतलीच, वयाने सगळ्यांत मोठी. "सर, माझ्या सेंटरमंदी पाच पोरं लिवले तुमी," ती म्हणाली. "पाचही घरी तेलुगू बोलतात. तुमी त्याइले मराठीत इचारलं, आकृतिबंध पूर्ण करा. आता मलेच ठाऊक नाई आकृतिबंध काय असते, तं त्या लेकराइले काय ठाऊक? जरा सोचा तरी."

लोकेशचा चेहरा उतरला. तो टॅबवर काहीतरी शोधायला लागला.

"प्रश्नपत्रिका आपण बनवलेली नाही," दीपाली म्हणाली. "वरून आली आहे. बैठकीचा वेळ घालवू नका. रंजीता, खाली बस."

"बसीन. आधी सोमारी इसरू पुंगाटीच्या नावापुढचं ते काढा."

"एकदा पाठवलेली नोंद बदलता येत नाही. तुला माहीत आहे."

"मले माहीत नव्हतं. नव्हतं माहीत म्हनून तं लिवून बसली." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "माह्या हातानं लिवलं मी ते. त्या पोरीशी एक दिवस धड बोलली नाई अन् लिवलं. मी चुकली, हे मी इथी सगळ्यांसमोर सांगून राह्यली. आता तुमी सांगा. या सरांनी गावासमोर नाव वाचलं. पोरं तिले 'कमी' म्हनून हाका मारते. ज्या तोंडानं वाचलं त्याच तोंडानं, त्याच लोकांसमोर सांगावं का आमचं चुकलं. तवर मी खाली बसनार नाई."

ती बसली नाही. बैठकीचा पुढचा पाऊण तास ती फळ्याशेजारी उभीच राहिली. दीपालीने पोषण आहार घेतला, लसीकरण घेतलं, आणि प्रत्येक विषयाला तिच्या डाव्या हाताला एक बाई हाताची घडी घालून उभी होती.

संपल्यावर दीपालीने तिला जिन्यात गाठलं. "तुला काही कळतं का? माझ्यावर किती दबाव असतो माहीत आहे? शंभर टक्के तपासणी झाली असं लिहून द्यावं लागतं मला."

"त्या पोरीवर किती दबाव हाये ते कोनत्या रकान्यात लिवतं तू?"

"मला नोटीस काढावी लागेल, रंजीता. सगळ्यांनी पाहिलंय."

"काढ. पन त्या नोटिशीत हेही लिव का मी कायच्यासाठी उभी होती."

दीपालीने तसं लिहिलं नाही. आठ दिवसांनी कागद आला. बैठकीत अडथळा आणल्याबद्दल खुलासा सादर करावा. रंजीताने तो चुलीशेजारी बसून तीनदा वाचला. नवरा म्हणाला, माफी लिहून दे, संपव. तिने खुलासा लिहिला. अर्धं पान. त्यात सोमारीने मातीत मांडलेली ओळ तिने गोळे काढून दाखवली, आणि खाली लिहिलं, 'मी अडथळा आणला हे खरे आहे. पुन्हा आणीन.' खैरुनने आणि इतर दहा जणींनी त्याखाली सह्या केल्या. बाकीच्या म्हणाल्या, बाई, आमची नोकरी आहे. त्यांच्यावरही ती चिडली. नंतर आठवलं की जून महिन्यात तीही हेच म्हणाली असती.

मार्चमध्ये, मोहफुलं वेचून लोक घरी परतण्याच्या वेळेला, लोकेश मोटरसायकलवर एकटाच कोंदाटोल्याला आला. ओळखपत्र गळ्यात नव्हतं. अंगणवाडीच्या पायरीवर बसला, पाणी प्यायला.

"ताई, मी सोमारीची सगळी उत्तरं परत काढून पाहिली," तो म्हणाला. "दहापैकी सात चुकली होती. त्या सातांतल्या पाच चुका एकसारख्या आहेत. प्रत्येक वेळी तिने ओळ जिथून आली तिकडे परत नेली. माझ्या हे आधी लक्षातच आलं नाही."

"पोरांनी पॅटर्न शोधावा म्हनता तुमी," रंजीता म्हणाली. "मंग तुमी हे जानेवारीत काऊन नाई पाह्यलं?"

"एका मुलाला सहा मिनिटं ठरवून दिलेली आहेत."

"मले नोका सांगू. गावाले सांगा."

तिला त्याची दया येत नव्हती. यावी असं वाटण्याइतका तो पडलेला दिसत होता, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली. या माणसाला वाईट वाटतंय, पण वाईट वाटून घ्यायला याला मोटरसायकल आहे, परतीचा रस्ता आहे.

गुणाबाईने घरोघरी निरोप दिला. समाजमंदिरापुढे पन्नासेक माणसं जमली. इसरू आला आणि सगळ्यांत मागे, चिंचेच्या बुंध्याला टेकून उभा राहिला. लोकेश पायरीवर चढला नाही, खालीच उभा राहिला. त्याने तिन्ही नावं घेतली आणि म्हणाला, "ह्या मुलांबद्दल मी जे वाचलं ते चुकीचं होतं. सोमारीने वेगळं उत्तर दिलं होतं, चुकीचं नाही. मी समजून घेतलं नाही. मला माफ करा." गुणाबाईने गोंडीत सांगितलं. तिने त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतला, आणि मधे झाड-दगड असं काहीतरी आलं असावं, कारण चार-पाच बाया हसल्या आणि सोमारीकडे बघायला लागल्या.

इसरू पुढे आला. "तुमच्या मशीनमंदी काय हाये आता?"

लोकेशने मान खाली घातली. "ते माझ्या हातात नाही, भाऊ. मी वर लिहिलंय."

"मंग तुमी इथी कायले आले?"

 इसरूने उत्तराची वाट बघितली नाही. जाताना तो गुणाबाईजवळ थांबला आणि गोंडीत बोलला. एवढ्या दिवसांत रंजीताला थोडं थोडं कळायला लागलं होतं. सोमवारपासून पाठवतो, तो म्हणाला, तू बसतेस म्हणून. त्या बाईसाठी नाही.

तिला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

सोमवारी सोमारी आली. कोणी तिला 'कमी' म्हणालं तर रंजीता अंगावर धावून जायची, पण तशी गरज फार पडली नाही. पहिल्याच आठवड्यात पोरीने बांबूच्या कांड्यांची अशी ओळ लावली की मोठी पोरंही चुकली. मग तिला ओळ लावायला आणि इतरांना ओळखायला बसवायचा खेळच झाला. रंजीताशी ती फार बोलत नसे. विचारलं तर उत्तर द्यायची, तेवढंच. जूनमध्ये ती गावातल्याच शाळेत पहिलीत गेली.

जुलैत एका दुपारी रंजीताचा फोन वाजला. पलीकडे एक मुलगी होती, आवाज गोड, शब्द पाठ केलेले.

"नमस्कार, मी महेक बोलते, बालविकास मदत केंद्रातून. आपल्या केंद्रातील विशेष बालक सोमारी इसरू पुंगाटी, आकलन कमी. बालकाची सध्याची प्रगती सांगा. थोडी, मध्यम की समाधानकारक?"

रंजीताच्या हातात खिचडीचा डाव होता. तो तिने पातेल्यात सोडला.

"तिचं आकलन कमी नाई. ते चुकीचं लिवलेलं हाये."

"मॅडम, तो पर्याय माझ्याकडे नाही. थोडी, मध्यम, समाधानकारक, ह्यातलंच सांगा."

"मंग काहीच नोको भरू, बाई."

"रिकामं सोडता येत नाही, मॅडम. पुढे जातच नाही."

"तुह्यावर रागवत नाई मी," रंजीता म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजावरून तिला कळलं की ती रागावलेलीच आहे. "ज्याच्याकडं तो पर्याय हाये त्याचा नंबर दे."

 महेकने, पाठ केलेला आवाज सोडून, हळू आवाजात दहा आकडे सांगितले. रंजीताने ते चुलीतल्या विझलेल्या कोळशाने भिंतीवर लिहिले, मग फोनमध्ये घालून घेतले. गुणाबाईला खिचडीकडे बघायला सांगून ती बाहेर गेली, जिथे रेंज नीट मिळते त्या टेकाडावर चढली आणि नंबर लावला. बिझी लागला. पुन्हा लावला. एका माणसाने उचलला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की हा विभाग दुसरा आहे.

"मंग त्या विभागाचा नंबर सांगा," ती म्हणाली. "अन् तुमचं नावही सांगा."